कुम्बाने निवडलेली वेणी

नदीच्या त्या वळणावरच्या फुलानी गुराख्यांच्या वस्तीत चेहरे टिकत नसत. रात्री वारा सुटायचा, आणि सकाळी उठून बघावं तर कालचं नाक जरा सरकलेलं, गालाचं हाड खाली उतरलेलं, डोळे शेजारणीसारखे झालेले असायचे. कुणाला त्याचं काही वाटत नसे. दूध नासतं, गवत वाळतं, तसा चेहरा बदलतो. माणूस ओळखायचं ते वेणीवरून.

म्हणजे बाई वेणीवरून आणि पुरुष त्याच्या गाईंवरून. कळपापासून लांब एकटा सापडलेला पुरुष कुणाचाच नवरा नसे, आणि काही जण त्याचा फायदाही घेत, पण ती गोष्ट वेगळी. बाईचं सगळं तिच्या डोक्यावर असे. भांग कुठून निघतो, कानामागे कुठे वळतो, टाळूला धरून घातलेली मधली वेणी कपाळापासून मानेपर्यंत सरळ जाते की मध्येच बाक घेते, कानशिलांवरच्या दोन वेण्या गालांवर किती झुकतात, त्यांच्या टोकाला कवडी आहे, चांदीचं नाणं आहे की पिवळा अंबरमणी, एवढं पाहिलं की पुरे. ही कुणाची कोण, हिच्याशी थट्टा करायची की हिच्यापुढे मान खाली घालायची, सगळं कळे. दोघींची वेणी कधी सारखी नसे.

तेव्हा वेणी जपावी लागे. निजताना डोक्याला मऊ फडकं, बाजाराला जाण्याआधी भांगात बोटभर लोणी, आणि मुळाशी केस पिंजारायला लागले की आळस न करता उकलून पुन्हा घालून घेणं. कुम्बाच्या आत्याने, गोग्गो आइसाने, एका साली गुरं हलवायच्या धांदलीत हा आळस केला. डावीकडच्या वेण्या पिंजारून गेल्या, उजवीकडच्या शाबूत राहिल्या. तेव्हापासून वस्ती तिला उजव्या बाजूने ओळखे आणि डाव्या बाजूने नाही. जेवणावळीत तिच्यापुढे अर्धाच वाडगा ठेवत. तिच्या डाव्या हाताला बसलेल्या बाया तिच्याविषयी तिच्यादेखत वाटेल ते बोलत, आणि उजवीकडच्या त्याच वेळी तिची विचारपूस करत. आळसाचं फळ, दुसरं काय.

स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही. आणि ज्या हाताने ती घातली त्याच हाताने ती सुटते. दुसऱ्या कुणी कितीही खटपट केली तरी पेडाचं टोक सापडत नाही. म्हणून वेणी कुणाकडून घालून घ्यायची याचा विचार बाया नवरा निवडण्यापेक्षा जास्त करत. आणि शहाणपणच होतं ते.

आणखी एक रीत होती, आणि या गोष्टीत सगळं पाणी मुरलं ते तिथेच. फुलानी माणसाने भूक लागली म्हणू नये, तहान लागली म्हणू नये, दुखलं म्हणू नये. अब्रू म्हणतात ती त्यांच्यात हीच. वेणी घालताना केस असे ओढले जात की भुवया कपाळावर चढत. तरी मुलीने समोरच्या बकरीकडे बघत गप्प बसायचं. जी कण्हली तिची टवाळी नातवंडांच्या कानांपर्यंत पोचे. कुम्बा कधीच कण्हली नव्हती. अगदी दुधाच्या दातांच्या वयातही नाही. आई, त्यांच्या बोलीत इन्ना, तिचं हे कौतुक येता-जाता करायची, आणि कुम्बाला ते गोड वाटायचं. कौतुक कुणाला कडू लागतं?

लग्न ठरलं की मुलीने आपली वेणी स्वतः निवडायची. पोरपणाची वेणी उकलायची आणि जन्मभराची घालून घ्यायची. कुम्बाचं लग्न ठरलं होतं नदीपलीकडच्या तळावरच्या हमादीशी. दोघांची भेट दुधाच्या बाजारात झालेली. ती दह्याचा तुंबा पुढ्यात घेऊन बसायची आणि तो त्याच्या तीन पांढऱ्या बैलांना घेऊन उगीच त्या बाजूने जायचा. बैल होते म्हणून तो हमादी आहे हे तिला कळे, आणि त्याला बैलांना पाणी पाजायचं निमित्त मिळे.

वेणी तिने तुंब्यातल्या सायीवर बोटाने काढून त्याला दाखवली. मधली वेणी कपाळापासून निघून टाळूवर उंच होणारी, मग मानेपर्यंत उतरणारी. दोन्ही बाजूंना मागून पुढे येणाऱ्या, टोकांना अंबरमणी. त्याने ती पुष्कळ वेळ न्याहाळली. मग सायीत स्वतःचं बोट घातलं आणि डाव्या कानामागे एक बारीकशी वेणी काढली, बाकी सगळ्यांच्या उलट जाणारी, पुढून मागे.

"एवढी एक माझी," तो म्हणाला.

कुम्बाने मान डोलावली. त्या दिवशी तिने ते दही विकलं नाही, साय विस्कटेल म्हणून. तुंबा तसाच डोक्यावर घेऊन घरी आली आणि वाटेत तिला वाटलं, आता चेहरा रोज सात वेळा बदलला तरी हरकत नाही, एक माणूस आहे जो मला ओळखणार.

तिकडच्या लग्नाची पद्धतही तशीच होती. वस्तीतल्या सगळ्या बाया नवऱ्यामुलाकडे पाठ करून रांगेने बसत. नवरामुलगा मागून चालत जाई आणि आपली बायको ओळखून तिच्या खांद्यावर हात ठेवी. हात ठेवला की संपलं. जी ओळखली ती बायको. हमादीने वस्तीच्या म्हाताऱ्यांसमोर सांगितलं होतं की मी एका फेरीत ओळखीन, रेंगाळणार नाही. म्हातारे खूश झाले होते. असा जावई त्यांना बरा वाटे, बोलला की बोलला.

वेणी घालणार होती दिक्को, कुम्बाची थोरली बहीण. थोरल्या बहिणीला ते लोक अद्दा म्हणतात. दिक्कोसारखा हात पंचक्रोशीत नव्हता. तिने घातलेली वेणी पावसात भिजली, धुळीत लोळली तरी पिंजारत नसे. तिचं स्वतःचं लग्न वस्तीतल्याच येरोशी झालेलं. एक चालती-बोलती मुलगी, फान्ता, आणि एक अंगावर पिणारं बाळ. येरो वाईट नव्हता. मारत नसे, उपाशी ठेवत नसे. फक्त बोलत नसे. तो जे बोलत नसे ते सगळं झोपडीत साचत जाई, आणि दिक्कोला ते रोज सकाळी टोपलीने उचलून काटेरी कुंपणापलीकडे टाकावं लागे. एखाद्या दिवशी ती आजारी पडली की ते गुडघ्यापर्यंत चढे आणि बाळ त्यात दिसेनासं होई. शेजारणी म्हणत, घरोघरी मातीच्या चुली. म्हणायला काय जातं.

कुम्बाने दिक्कोच्या चुलीपुढच्या राखेत वेणीचा नकाशा काढला. डाव्या कानामागची उलटी वेणीसुद्धा काढली आणि ती कुणाची तेही सांगितलं. दिक्कोने राखेकडे इतका वेळ पाहिलं की चूल विझली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "माझ्या लक्षात राहील."

वेणी घालायच्या सकाळी दिक्को गोरखचिंचेखाली लाकडी ठोकळ्यावर बसली. कुम्बा तिच्या गुडघ्यांमध्ये, पाठ करून. पोरपणाची वेणी इन्नाच्या हातची, ती इन्नाने पहाटेच उकलून दिली होती. दिक्कोने डोक्याला फडकं बांधलं होतं. ऊन लागतं, ती म्हणाली. मग तिने काडीने पहिला भांग पाडला.

हात चालू होता आणि तोंडही. दिक्को एवढी बोलल्याचं कुम्बाला आठवत नव्हतं. तिची लाल गाय डाव्या अंगाने धार काढू देते, उजव्या अंगाने लाथ मारते. फान्ताला रात्री पोटावर हात ठेवल्याशिवाय झोप येत नाही. बाळाला उजवीकडे आधी पाजावं, नाहीतर ओकतं. येरोला पेज पातळ लागते, आणि तो काही बोलला नाही तर मनाला लावून घ्यायचं नाही, कारण तो कधीच काही बोलत नाही. कुम्बाला हसू येत होतं. सासरी जाणारी मी आणि घरचं गाऱ्हाणं हिचं, असं तिला वाटलं. बिचारीला बोलायला कुणी नाही, बोलू दे.

मधला भांग टाळूवर पोचला तेव्हा कुम्बाला काडी डावीकडे वळल्यासारखी वाटली. ती सरळ जायला हवी होती. मग कानामागे पेड ओढला गेला, आणि तो पुढून मागे जाण्याऐवजी मागून पुढे आला. तिला ते स्पष्ट कळलं. कातडीला कळतंच. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, अद्दा, चुकलीस. पण बोलायचं नाही ही रीत, आणि रीत मोडणारी पोरगी म्हणून लग्नाच्या दिवशी नाव घालवून घ्यायचं? शिवाय हात दिक्कोचा. दिक्को कशी चुकेल? कुम्बा समोरच्या बकरीकडे बघत राहिली. बकरीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शेवटचा पेड बांधून दिक्कोने वेण्यांच्या टोकांना काहीतरी ओवलं. मग तिच्या मानेवर ओठ टेकवले, उठली, आणि फडक्याची गाठ सावरत इन्नाच्या झोपडीकडे निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

कुम्बाने गालाशी हात नेला. अंबरमणी नव्हते. चांदीची दोन नाणी होती, एकाला कडेला खाच पडलेली. ती दिक्कोची होती.

फान्ता धावत आली आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हणाली, "इन्ना, बाळ रडतंय."

"मी मावशी," कुम्बा म्हणाली.

फान्ता तिच्या मागे गेली, डोकं पाहिलं, पुन्हा पुढे आली. "इन्ना, बाळ रडतंय," ती म्हणाली, आधीच्याच आवाजात.

कुम्बा हसली. पोरांचं असंच असतं. ती पाणवठ्याकडे निघाली, आपलं डोकं बघायला. वाटेत गोग्गो आइसा भेटली आणि उजव्या अर्ध्या तोंडाने म्हणाली, दिक्को, बहिणीच्या लग्नाच्या दिवशी अशी मोकळी काय फिरतेस? पाण्यात तिला एक चेहरा दिसला, सकाळचा, कुणाचाही असू शकेल असा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ती नाणी. मागचं पाण्यात दिसत नाही. तिने बोटांनी चाचपलं. टाळूवर डावीकडे घेतलेला बाक. मानेवर एकमेकींत अडकवलेले दोन पेड. लहानपणी ती याच वेणीच्या मागून चालत दुधाच्या बाजाराला गेली होती, रोज, तिच्यावर नजर ठेवून, हरवू नये म्हणून. तिने ही वेणी हजारात ओळखली असती.

तिने एका वेणीचं टोक धरून उकलायला घेतलं. पेड सुटला, त्याच्या आत दुसरा निघाला. तो सोडवला तर आत तिसरा, तसाच घट्ट. नखं दुखायला लागली तेव्हा ती थांबली. जिच्या मांडीशी डोकं ठेवलं तिनेच केसाने गळा कापला होता, आणि तोही लोणी लावून, गोड बोलत, बाळाला कुठल्या बाजूने पाजायचं ते सांगत. कुम्बाला राग आला नाही. आधी लाज वाटली. आपण बकरीकडे बघत बसलो याची.

ती इन्नाच्या झोपडीकडे गेली. दाराला आतून चटई लावलेली. आत काय चाललंय विचारलं तर इन्नाचा आवाज आला, नवरी तयार होतेय, दिक्को, तू तुझ्या घरी जा, येरोची गुरं आली असतील. मी कुम्बा आहे, ती म्हणाली. मग इन्ना पुन्हा तेच म्हणाली, येरोची गुरं आली असतील.

गुरं आली होती. येरो कुंपणाशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि वासराची दोरी तिच्या हातात दिली. ती त्याला म्हणाली, भाऊजी, तुम्हाला तरी कळतंय ना. येरो काही बोलला नाही. ते न बोललेलं तिच्या पायापाशी पडलं, चांगलं डोईएवढं, आणि तिला बाजूने वळसा घालून जावं लागलं.

एक आशा होती तिला, त्या लाल गाईची. ती गाय दिक्कोशिवाय कुणालाही जवळ येऊ देत नसे. गेल्याच पावसाळ्यात तिने कुम्बाला लाथ मारून शेणात पाडलं होतं. माणसं फसतील, जनावर कसं फसेल? चार लोकांसमोर ही लाथ बसली की झालं सिद्ध. कुम्बाने शेजारणींना मुद्दाम बोलावलं आणि तुंबा घेऊन गाईच्या डाव्या अंगाला बसली. गाईने मान वळवून तिची वेणी हुंगली. मग पान्हा सोडला. तुंबा काठोकाठ भरला आणि शेजारणी म्हणाल्या, यात बघण्यासारखं काय होतं, दिक्को? आणि आपापल्या कामाला लागल्या.

झोपडीत बाळ रडून निळं पडायला आलं होतं. तिने ते उचललं, नुसतं उगी करावं म्हणून. तिचं लुगडं छातीवर ओलं झालं. बाळाने तोंड लावलं आणि पिऊ लागलं. उजवीकडे. कुम्बा दाराच्या चौकटीला टेकून बसली. ती चौकट बरोबर तिच्या खांद्याच्या मापाची झिजलेली होती. सकाळपर्यंत नव्हती.

उन्हं कलायच्या आधी नदीपलीकडून पांढरे बैल आले. बाळ फान्ताजवळ देऊन कुम्बा धावत पाणवठ्यावर गेली. हमादी बैलांना पाणी पाजत होता. तिला पाहताच त्याने मान खाली घातली. बायकोच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याला डोळा द्यायचा नसतो त्यांच्यात.

"अद्दा," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तुमचं काय काम होतं?"

तिने सगळं सांगितलं. तुंबा, साय, त्याचं बोट, डाव्या कानामागची उलटी वेणी. तो काय म्हणाला तेही शब्दाशब्दाने सांगितलं. दही विकलं नाही हे सांगितलं, जे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना तिचा आवाज एकदा कापला आणि तिने तो कापू दिला. आयुष्यात पहिल्यांदाच. हमादी ऐकत राहिला. बैलांनी पिणं थांबवलं.

"मला वाटतं तुम्ही खरं सांगता," तो म्हणाला.

"मग?"

"मग मी सगळ्यांसमोर म्हणालोय, वेणीवरून ओळखीन. एका फेरीत."

"तू चुकीची ओळखशील."

"वेणी बरोबर असेल," हमादी म्हणाला. त्याने अजूनही वर पाहिलं नव्हतं. "मी काय सांगू त्यांना? मला गालांवरून वाटलं म्हणून? लोक हसतील, अद्दा."

तो दुष्ट नव्हता. हे तिला नंतरही मान्य करावं लागलं आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. त्याला कळलं होतं. कळूनही त्याने बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला पुढे काढलं.

रांग गोरखचिंचेपासून कुंपणापर्यंत बसली. कुम्बालाही बसवलं, विवाहित बायांमध्ये, आत्यापासून दोन जागा सोडून. नवरी रांगेच्या शेवटाकडे होती. बसायला जाताना कुम्बा मुद्दाम तिच्या मागून गेली. मधली वेणी टाळूवर उंच चढलेली होती, दोन्ही बाजूंना अंबरमणी होते, आणि डाव्या कानामागे ती बारीक उलटी वेणी, पुढून मागे, जशी सायीत होती तशी. इतकी सुंदर दिसेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

मग मानेशी तिने पाहिलं, शेवटचा पेड जरा सैल सोडलेला. दिक्कोचा हात असा सैल सोडत नसे. तसा एकच हात सोडत असे. लहानपणापासून मुलींच्या मानेला काचू नये म्हणून.

इन्ना रांगेच्या टोकाला उभी होती, हातात लाकडी वाडगा घेऊन, नवऱ्यामुलाला दूध द्यायला. कुम्बा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू घातलीस ती," कुम्बा म्हणाली.

इन्नाने आजूबाजूला पाहिलं. मग हळू बोलली. "ती दोनदा विहिरीच्या काठावर पाय सोडून बसली होती. एकदा बाळाला घेऊन. मी तिला हाताला धरून आणली."

"आणि मी?"

"तू सोसशील," इन्ना म्हणाली. "तू कधीच कण्हली नाहीस."

तेवढंच. जन्मभर ज्याचं कौतुक केलं ते असं वापरलं गेलं. कुम्बाला वाटलं, एकदा तरी लहानपणी ओरडले असते तर आज आपलं डोकं आपलं राहिलं असतं. तिला इन्नाच्या हातातला वाडगा उडवून द्यावासा वाटला. पण वाडगा कलला होता आणि दूध काठावर आलं होतं, आणि कुम्बाने सवयीने वाडग्याला खालून हात लावला, सांडू नये म्हणून.

"जा, बस, दिक्को," इन्ना म्हणाली. "लोक बघतायत."

हमादी रांगेच्या मागून चालू लागला. त्याची सावली प्रत्येकीच्या पुढ्यात पडून पुढे सरके. कुम्बाच्या पुढ्यात ती थांबली. फार नाही, बैलाने शेपूट एकदा हलवावी एवढीच. त्याचा श्वास तिला मानेवर लागला. वळले असते तर, असं तिला नंतर वाटत राहिलं, पण वळायचं नसतं. सावली सरकली. थोड्या वेळाने बायांनी जिभा वळवून आनंदाचा गजर केला, म्हणजे हात खांद्यावर पडला होता.

नवरीच्या वेण्यांवर प्रवासाचं फडकं थोरल्या बहिणीने बांधायचं असतं. धूळ लागू नये, वारा लागू नये, नवी वेणी निदान पहिल्या चांदणीपर्यंत ताजी राहावी म्हणून. बायांनी फडकं आणून कुम्बाच्या हातात दिलं. नवरी बैलावर बसली होती, पाठमोरी. तिने मान खाली झुकवली, जशी झुकवायची असते.

"अद्दा," कुम्बा तिच्या कानाशी म्हणाली, "खाली उतर. माझी वेणी सोड. तुझ्याशिवाय ती कुणाला सुटणार नाही."

नवरीने मान हलवली नाही. "टोपली दाराच्या आतच ठेवलीय," ती म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या भरायची. ऊन चढलं की ते जड होतं."

कुम्बाने फडकं बांधलं. दोन्ही कानांवरून घेऊन मानेशी गाठ मारली, व्यवस्थित, तिच्याकडून वाईट बांधलं जाईना. फक्त मधल्या वेणीचं टोक फडक्याबाहेर राहिलं होतं, ते आत खोचायला तिने बोटांत धरलं. आणि तेवढ्यात बैल चालू लागले.

तिने टोक सोडलं नाही. मुद्दाम धरून ठेवलं असंही नाही, बोटं उघडली नाहीत एवढंच. बैल कुंपणाबाहेर गेले. वेणी लांबली. बैल पाणवठ्याला पोचले, नदी उतरले, पलीकडच्या चढाला लागले. वेणी त्यांच्यामागे येत राहिली, पेडात पेड, काळी, लोण्याने चकाकणारी, कुठेही न पिंजारलेली. बैल ठिपके झाले आणि मग ठिपकेही दिसेनासे झाले. वेणी कुम्बाच्या बोटांपासून सरळ क्षितिजापर्यंत ताणलेली होती, कमरेच्या उंचीवर.

वस्तीला त्याचं काही वाटलं नाही. माणसं वाकून तिच्याखालून जाऊ लागली. गोग्गो आइसाने एक ओलं लुगडं आणून त्यावर वाळत घातलं. येरो आला, त्याने वेणी हाताने दाबून बघितली, मजबूत आहे असं त्याला वाटलं असावं, आणि लाल गाईचं वासरू तिला बांधून तो आत गेला. फान्ता दारातून हाक मारत होती. इन्ना, चूल. इन्ना, बाळ. इन्ना.

कुम्बाने वेणी एकदा मनगटाला गुंडाळली. टाचा जमिनीत रोवल्या. मग सगळ्या अंगाचा भार मागे टाकून ओढली.

नदीपलीकडून, फार लांबून, किंकाळी आली. कुठल्याही नवरीने नवऱ्याच्या माणसांसमोर कधी मारू नये अशी, लांबच लांब. वस्तीतल्या बायांनी हातातली कामं थांबवली. एक दोघींनी तोंडावर पदर घेतला.

इन्ना झोपडीतून धावत आली. तिने आधी नदीकडे पाहिलं, मग ताणलेल्या वेणीकडे, मग वेणी जिच्या मनगटाला होती तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दिक्को, सोड," ती म्हणाली. "कुम्बाला दुखतंय."

कुम्बाने आईकडे पाहिलं. मग वेणीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.